आधार मागणारा आवाज

बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' या १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेत पहिलं गाणं संपता संपता श्रोत्यांचा गलका उसळतो. बिली शिअर्स नावाच्या गायकाचा पुकारा होतो आणि तो गाऊ लागतो. प्रत्यक्षात ही मैफल कधी झालीच नाही. बँड कल्पनेतला, गायक कल्पनेतला आणि गलका ध्वनिसंग्रहातून आणून चिकटवलेला. बीटल्सनी २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये आपल्या दौऱ्यांतला शेवटचा कार्यक्रम केला होता. किंचाळणाऱ्या गर्दीत त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येईनासं झालं होतं. त्यानंतर ते स्टुडिओत शिरले आणि तिथे त्यांनी एक मैफल रचली. त्या मैफलीतलं दुसरं गाणं म्हणजे 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स'. ते चौघांनी मिळून लोकांसमोर कधीच गायलं नाही.

ध्वनिमुद्रिका बाजारात आल्यावर सव्वादोन वर्षांनी, १७ ऑगस्ट १९६९ च्या रविवारी दुपारी, न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावाजवळ मॅक्स यास्गर या दूधव्यावसायिकाच्या शेतावर भरलेल्या वुडस्टॉक महोत्सवात हेच गाणं उभं राहिलं. समोर सुमारे चार लाख माणसं होती. गाणारा होता शेफील्डचा पंचवीस वर्षांचा जो कॉकर. पावणेतीन मिनिटांचं गाणं आठ मिनिटांच्या घरात गेलं होतं. ठेका बदलला होता, लय संथ झाली होती, स्वर वेगळा होता, आणि हसऱ्या गाण्याची जागा एका आर्त हाकेने घेतली होती.

हे पुस्तक या दोन गाण्यांविषयी आहे. दोन गाणी म्हणावं की एक, हाच त्यातला मुख्य प्रश्न. मूळ गाणं आणि त्याचा नवा, धाडसी आविष्कार यांची तुलना आपण नेहमीच करतो, आणि बहुतेक वेळा ती 'कुठलं चांगलं' इथे येऊन थांबते. एक बाजू मूळ चाल बिघडवल्याचा राग धरते, दुसरी जुन्यात जीव ओतल्याचं कौतुक करते. दोन्ही बाजू काय बदललं एवढंच मोजतात. माझं म्हणणं उलट आहे. नव्या गायकाने काय मोडलं याच्याआधी त्याने काय धरून ठेवलं ते पाहावं. सगळं मोडून टाकणं फार अवघड नाही. मूळ गाण्याचा प्राण नेमका कशात आहे हे ओळखणं, तेवढंच मुठीत घट्ट धरणं आणि बाकीचं निर्भयपणे सोडून देणं हे अवघड. कॉकरने ते केलं, आणि म्हणून या गाण्यावर एक अख्खं पुस्तक लिहावंसं वाटलं.

आधी मूळ गाण्याकडे नीट पाहू, कारण कॉकरच्या भक्तांनी त्याच्यावर अन्याय केला आहे. गंभीर कलावंताच्या हाती येण्याची वाट पाहत पडलेलं किरकोळ गाणं, असं त्याचं वर्णन मी अनेकदा ऐकलं आहे. ते खरं नाही. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी ते रिंगो स्टारसाठी मुद्दाम बेतलं. हंटर डेव्हिस यांच्या १९६८ च्या बीटल्स-चरित्रात हे गाणं घडतानाचं वर्णन आहे. शब्द जुळवणं, मध्येच भलतंच काहीतरी वाजवत बसणं, पुन्हा शब्दांकडे येणं, असं ते काम चाललं होतं. रिंगो उत्तम ड्रमवादक, पण गायक म्हणून त्याचा पल्ला मर्यादित. म्हणून चाल जवळजवळ सगळी पाच सुरांत बसवली. आपल्या भाषेत सांगायचं तर सा ते प एवढ्याच अंतरात हे गाणं फिरतं. साध्या माणसाला गुणगुणता यावं असं. आणि अगदी शेवटी एकदाच तार षड्ज लागतो. तो लावायला रिंगो कचरत होता. बाकीच्यांनी त्याला धीर दिला, आणि तो सूर लागला. मित्रांच्या मदतीने निभावून नेण्याचं गाणं मित्रांच्या मदतीनेच पूर्ण झालं.

शब्दांच्या बाबतीतही असंच घडलं. गाण्याच्या सुरुवातीला गायक श्रोत्यांना विचारतो की मी बेसूर झालो तर तुम्ही काय कराल. पहिल्या खर्ड्यात याच ठिकाणी टोमॅटो फेकण्याचा उल्लेख होता. रिंगोने तो गायला नकार दिला. जॉर्ज हॅरिसनला जेलीच्या गोळ्या आवडतात एवढं कळताच चाहत्यांनी मंचावर गोळ्यांचा वर्षाव केल्याचा अनुभव ताजा होता. उद्या हे गाणं लोकांसमोर गायची वेळ आली तर टोमॅटो खरेच येतील, ही त्याची भीती. ओळ बदलली आणि टोमॅटोंऐवजी श्रोते उठून निघून जाण्याची शंका आली. कधीच न होणाऱ्या मैफलीसाठी लिहिलेल्या गाण्याला समोर बसलेल्या लोकांच्या धाकाने असा आकार दिला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वरवर मजेत चाललेल्या या गाण्याच्या तळाशी मंचावर एकट्या उभ्या राहिलेल्या माणसाची धास्ती आहे.

या धास्तीला उत्तर म्हणून गाण्याची रचना सवाल-जबाबाची केली. पहिल्या कडव्यात रिंगो एकटा आहे. दुसऱ्यापासून लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन त्याला प्रश्न विचारू लागतात. एकटं राहायची काळजी वाटते का, कुणाची गरज आहे का, प्रेमावर विश्वास आहे का, अशी त्यांची चौकशी चालते आणि रिंगो आपल्या सरळ, न सजवलेल्या आवाजात उत्तर देतो. मॅकार्टनीचा बास या सगळ्याच्या खालून स्वतःची वेगळी, नाचरी सुरावट वाजवत राहतो. चार ट्रॅकच्या यंत्रावर, २९ आणि ३० मार्च १९६७ अशा दोन दिवसांत हे काम झालं. दुसऱ्या दिवशी त्या प्रसिद्ध मुखपृष्ठाचं छायाचित्र काढून मंडळी पुन्हा स्टुडिओत आली आणि उरलेले आवाज भरले. एवढी नेटकी, एवढी जाणती रचना 'किरकोळ' म्हणून बाजूला सारता येत नाही. तिचं यश तिच्या संकोचात आहे. भीती आहे, पण ती हसत सांगितली आहे.

आता कॉकर. त्याचा जन्म २० मे १९४४ चा, शेफील्डमधला. शेफील्ड हे पोलादाचं शहर. गॅस फिटरचं काम शिकत असताना तो रात्री पबमध्ये गायचा. दैवत रे चार्ल्स. १९६४ मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तीही बीटल्सच्याच एका गाण्याची, 'आय’ल क्राय इन्स्टेड'. ती चालली नाही. चार वर्षांनी त्याने पुन्हा बीटल्सचं गाणं उचललं तेव्हा मधल्या काळात दोन कव्हर येऊन गेली होती. १९६७ मध्येच 'द यंग आयडिया' आणि जो ब्राउन यांनी हे गाणं मूळच्या वळणावर गाऊन ब्रिटनच्या यादीत आणलं होतं. बीटल्सनी ते तेव्हा स्वतंत्र तबकडी म्हणून काढलंच नव्हतं, त्यामुळे बाजारात जागा मोकळी होती. कॉकरला तीच वाट धरता आली असती. त्याने धरली नाही.

त्याने पहिला हात घातला तो ठेक्याला. मूळ गाणं चार ठोक्यांचं, हलकं डोलतं, पावलं टाकत चालल्यासारखं. कॉकरने लय निम्म्याहून खाली आणली आणि प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे केले. आपल्या कानाला हा फरक लगेच कळतो, केरव्याचं वजन जाऊन संथ दादऱ्याचं आलं की गाण्याचा स्वभाव कसा पालटतो ते आपण जाणतो. या वजनात दोन शब्दांच्या मध्ये जागा सापडते. त्या जागेत गायक श्वास घेऊ शकतो, अडखळू शकतो, एखादा शब्द ओढून त्याला चिरा पाडू शकतो. रिंगोच्या लयीत भीतीला रेंगाळायला वेळच नव्हता. कॉकरने तिला वेळ दिला. त्याच्या गाण्यातलं सगळं पुढचं याच एका निर्णयातून निघतं.

हे वजन आलं कुठून, तेही सांगायला हवं. ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आणि तिथून निघालेल्या सोल संगीतातून आलं. एकाने हाक द्यायची आणि समूहाने साद द्यायची, ही त्या गायकीची रीत. निर्माता डेनी कॉर्डेल याच्या देखरेखीखाली १९६८ मध्ये हे गाणं मुद्रित झालं तेव्हा साद देणाऱ्यांत मॅडलिन बेल आणि रोझेटा हायटावर या दोन अमेरिकन कृष्णवर्णीय गायिका होत्या. गिटारवर जिमी पेज होता, ऑर्गनवर टॉमी आयर, ड्रम्सवर प्रोकोल हॅरमचा बी. जे. विल्सन आणि बासवर ख्रिस स्टेन्टन. नोव्हेंबर १९६८ मध्ये ही तबकडी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली. कॉकरचं नाव गाजलं, आणि ते योग्यच होतं. पण बीटल्सच्या तीन मित्रांच्या जागी त्या बायकांचे आवाज आले नसते तर हे गाणं एका माणसाचा आक्रोश होऊन राहिलं असतं. नव्या आविष्काराचं श्रेय एकट्या गायकाच्या पदरात टाकण्याची आपली सवय या गाण्यापुरती तरी सोडावी लागते.

तर कॉकरने लय सोडली, वजन सोडलं, स्वर सोडला, हसरा बाज सोडला. धरून काय ठेवलं? सवाल-जबाब. विचारणारे आणि उत्तर देणारा यांच्यातलं नातं त्याने एका कणानेही ढिलं केलं नाही, उलट ते ताणून गाण्याच्या मध्यभागी आणलं. बीटल्सकडे मित्र विचारतात आणि रिंगो शांतपणे उत्तर देतो. कॉकरकडे तोच प्रश्न येतो आणि उत्तर देणारा माणूस कोसळायच्या बेतात असतो. मूळ गाण्याची भीती त्याने शोधून काढली, वर आणली, आणि तिला मूळ गाण्यातलंच औषध दिलं. म्हणून इतकं बदलूनही ते गाणं परकं वाटत नाही.

वुडस्टॉकला पोहोचेपर्यंत आणखी एक फेरफार झाला, आणि माझ्या मते तोच निर्णायक ठरला. तिथे गायिका नव्हत्या. त्याच्या साथीच्या ग्रीस बँडचे चौघे होते. की-बोर्डवर ख्रिस स्टेन्टन, बासवर ॲलन स्पेनर, गिटारवर हेन्री मॅककलो आणि ड्रम्सवर ब्रूस रोलंड. स्पेनर आणि मॅककलो यांनी आपापली वाद्यं वाजवत, आवाज चोरून वरच्या पट्टीत नेत, त्या गायिकांची साद आपल्या गळ्यावर घेतली. ती घासली गेली आहे, काही ठिकाणी जेमतेम उभी राहते. स्टुडिओतल्या तयार गळ्यांपुढे ती कच्चीच ठरेल. तरीही मला ती अधिक खरी वाटते. इथे साद देणारे खरोखर त्याचे सोबती आहेत. तेही त्याच उन्हात, त्याच गर्दीपुढे उभे आहेत, आणि त्यांचा सूर हुकला तर तो नंतर दुरुस्त करता येणार नाही. स्टुडिओत मदत मागाहून भरता येते, तर मंचावर ती त्या क्षणी यावी लागते. या गाण्याचा विषयच ती मदत असल्यामुळे जिवंत सादरीकरणाने त्याला असं काही दिलं, जे कुठल्याही स्टुडिओला देता आलं नसतं.

मायकल वॉडली याच्या १९७० च्या 'वुडस्टॉक' चित्रपटात हे सादरीकरण पाहायला मिळतं. वाचकाने ते ऐकण्याबरोबर पाहावंही. कॉकरच्या हातात वाद्य नाही. त्याचे हात मात्र हवेतली गिटार छेडत, हवेतला पियानो वाजवत फिरत राहतात. वाद्य वाजवता येत नसल्याची तगमग त्यातून बाहेर पडत असे, असं तो सांगायचा. त्या वेळी अनेकांना ते विचित्र वाटलं आणि पुढे त्याच्या नकलाही झाल्या. पण आपल्याकडच्या मैफलीत बसलेल्याला त्यात नवल वाटू नये. सुराच्या मागे हात जाणं, लांबच्या सुराला शरीराने गाठायला पाहणं आपण आपल्या गवयांत पाहिलेलं आहे. ऑर्गनच्या संथ सुरांवर गाणं सुरू होतं, वाढत जातं, मध्येच एकदम खाली बसतं, पुन्हा चढतं. बढतीची ही जाण कॉकरकडे उपजत होती. शेवटाकडे त्याच्या तोंडून जी किंकाळी निघते ती म्हणूनच उसनी वाटत नाही. तिच्यासाठी आधीच्या मिनिटांनी जागा केलेली असते. रिंगोने कचरत लावलेल्या त्या एका तार षड्जाचंच हे दूरचं रूप आहे.

हे सगळं मान्य करूनही काय हरवलं ते सांगणं माझं कर्तव्य आहे. मॅकार्टनीच्या बासची सुरेख नक्षी हरवली. शब्द हरवले. कॉकरच्या घोगऱ्या उच्चारात अर्धी ओळ गिळली जाते, आणि मूळ गाण्यातला बारीक मिश्कीलपणा त्याबरोबर जातो. सगळ्यात मोठी हानी साधेपणाची. रिंगोचं गाणं ऐकताना हे मलाही म्हणता येईल असं प्रत्येकाला वाटतं. कॉकरचं ऐकताना तसं वाटत नाही. ते ऐकायचं गाणं झालं, सगळ्यांनी म्हणायचं उरलं नाही. ज्या गाण्यात सामान्य गळ्याच्या माणसाला मानाने उभं केलं होतं, ते असामान्य गळ्याच्या मालकीचं झालं, हा आक्षेप मला खरा वाटतो. पुस्तकात त्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

मराठी वाचकासाठी या तुलनेत आणखी एक धागा आहे. आपल्याकडे कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. बालगंधर्वांची लडिवाळ, रेंगाळती गायकी आणि कुमारांची छोट्या, अचानक उसळणाऱ्या स्वरवाक्यांची फेक यांत केवढं अंतर! कुमारांनी नक्कल केली नाही. त्यांनी ती पदं आपल्या समजुतीतून पुन्हा मांडली, आणि ती मांडताना बालगंधर्वांच्या शब्दांमागचा भाव हातून सुटू दिला नाही. कॉकरच्या धाडसाचं मोल कळायला मराठी कान या अनुभवामुळे आधीच तयार आहे.

मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा. बालगंधर्वांच्या पदांचं मूळ रूप रंगभूमीवर होतं. 'वन्स मोअर' घेत घेत ते रोज नव्याने फुलायचं, आणि तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी म्हणजे त्याचा संक्षेप. बीटल्सच्या गाण्यात हा क्रम उलटा आहे. तिथे तबकडी हेच मूळ आणि मंच नंतर आला. आपल्या परंपरेत मंचावरचं गाणं तबकडीत मावत नाही ही खंत होती, तर तिथे तबकडीतल्या गाण्याला मंच मिळेल का ही शंका होती. म्हणून आपले 'मूळ' आणि 'नवा आविष्कार' यांचे निकष तिथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण दोन्हीकडे प्रश्न तोच राहतो, की गायकाने काय धरून ठेवलं?

बीटल्सनी या आविष्काराकडे उदारपणे पाहिलं. मुद्रण झाल्यावर कॉकर आणि कॉर्डेल यांनी ते मॅकार्टनीला नेऊन ऐकवलं आणि तो थक्क झाला. २२ डिसेंबर २०१४ रोजी कॉकर गेला तेव्हाही मॅकार्टनीने त्या गाण्याबद्दलची कृतज्ञता बोलून दाखवली. वुडस्टॉकच्या मंचावर साद देणारा हेन्री मॅककलो पुढे मॅकार्टनीच्याच 'विंग्ज'मध्ये वाजवू लागला. आणि रिंगो? त्याच्या ऑल-स्टार बँडच्या कार्यक्रमांचा शेवट वर्षानुवर्षं याच गाण्याने होत आला आहे, मूळच्याच हसऱ्या लयीत. कॉकरने ते एवढं मोठं करून ठेवल्यावरही रिंगोला ते आपल्या मापाने गाता येतं, आणि श्रोते त्याच्याबरोबर गातात. चांगला नवा आविष्कार मूळ गाण्याची जागा बळकावत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

खपाच्या आकड्यांनी मात्र काही ठरत नाही. हेच गाणं १९८८ मध्ये 'वेट वेट वेट'ने आणि २००४ मध्ये सॅम आणि मार्क या जोडीने ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं. दोन्ही आवृत्त्या गोड आहेत, आणि दोन्हींनी मूळ गाण्याबद्दल आपल्याला नवं काही सांगितलं नाही. कॉकरचं ऐकून रिंगोकडे परत गेलं की त्या हसऱ्या आवाजामागची कापरी भीती पहिल्यांदा कानावर येते. जो आविष्कार आपल्याला मूळ गाणं अधिक नीट ऐकायला शिकवतो, तो मोठा.

पुस्तकाची मांडणी याच विचाराने केली आहे. पहिला भाग मूळ गाण्याच्या घडणीचा, दुसरा शेफील्ड ते बेथेल या प्रवासाचा, तिसरा दोन्ही सादरीकरणं कडव्यागणिक शेजारी ठेवून केलेल्या तुलनेचा, आणि चौथा तुलनेच्या निकषांचा. पाश्चात्त्य संगीताच्या परिभाषेशी ज्यांचा परिचय नाही त्यांना अडू नये म्हणून शक्य तिथे आपले लय, वजन, पट्टी, बढत हेच शब्द वापरले आहेत.

वाचकाला एकच विनंती. पान उलटण्याआधी दोन्ही गाणी पूर्ण ऐका, आधी रिंगोचं आणि मग कॉकरचं वुडस्टॉकचं. त्यानंतर आपल्या आवडीच्या कुठल्याही गाण्याचा नवा आविष्कार कानी पडेल तेव्हा, चाल बदलली म्हणून रागवायच्या किंवा भारून जायच्या आधी, गायकाने कशाला हात लावला नाही ते शोधा. ते सापडलं तर त्या गायकाला मूळ गाणं कळलं आहे असं खुशाल समजा. नाही सापडलं, तर त्याने कितीही मोठा आवाज लावला तरी तो दुसरंच काहीतरी गातो आहे.